पाण्याच्या पातळीखालचा वॉल्व्ह: टाकी, टाकं आणि शेततळ्यासाठी जोड कसा निवडायचा

रात्रीच्या लाईनवर टाकं भरून ठेवायचं आणि दिवसा उताराने ओलित करायचं, ही रीत आता वावरोवावरी दिसते. टाक्याच्या बांधकामावर, मोटरवर, ठिबकवर कास्तकार विचार करून पैसा लावतो. पण टाक्याच्या बुडाशी पाणी बाहेर काढणारा जोड मात्र दुकानात जो हाती लागेल तो बसवला जातो. खरं तर सगळ्या पाण्याचा भार त्याच जागेवर असतो. वरचा पाईप फुटला तर वॉल्व्ह बंद करता येतो, वॉल्व्हच तुटला तर बंद करायला काहीच उरत नाही.

किती पाणी जातं ते आधी पाहा. पाण्याची उंची १ मीटर असेल आणि तळाशी १ इंची भोक उघडं पडलं, तर मिनिटाला सुमारे ७५ ते ८० लिटर पाणी बाहेर पडतं. पातळी उतरते तशी धार मंदावते, तरी ५,००० लिटरचं टाकं दोन तासांत रिकामं. शेततळ्यात ३ मीटर पाणी असताना २ इंची जोड निखळला तर तासाला तीस-पस्तीस हजार लिटर जातं, आणि रात्री ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आधी क्रम ठरवा

भिंतीतून बाहेर येताना क्रम असा ठेवा: टाकी निपल (भिंतीतून आरपार जाणारा आट्यांचा तुकडा), लगेच पहिला वॉल्व्ह, मग युनियन (पाईप न कापता खोलता येणारा जोड), मग एक लवचीक तुकडा आणि त्यानंतर रोजच्या वापराचा दुसरा वॉल्व्ह. पहिला वॉल्व्ह भिंतीपासून जितका जवळ तितका चांगला. भिंत आणि वॉल्व्ह यांच्या मधल्या पाईपला काही झालं तर ते थांबवायचं साधन आपल्याकडे नसतं, म्हणून मध्ये एल्बो, टी, दोन फुटांचा पाईप असं काही टाकू नका.

हा पहिला वॉल्व्ह रोज फिरवायचा नाही. तो उघडाच असतो, दुरुस्तीला आणि अडीअडचणीला लागतो. रोजची उघडझाप दुसऱ्यावर करा. दुसरा झिजला की पहिला बंद करून, युनियन खोलून, टाकी भरलेली असतानाच बदलता येतो. युनियन पहिल्या वॉल्व्हच्या आधी बसवलं तर त्याचा उपयोग संपला. युनियनचं रबर गेलं की अख्खी टाकी रिकामी करावी लागते. जोडाजोडी करणारे ही चूक सर्रास करतात, तेव्हा काम चालू असताना समोर उभं राहून पाहा.

बॉल की गेट

या जागेला बॉल वॉल्व्हच घ्या. पाव फेरीत बंद होतो, आणि दांडी पाईपच्या रेषेत असेल तर चालू, आडवी असेल तर बंद, हे लांबूनही दिसतं. गेट वॉल्व्ह उघडा आहे की बंद ते चाकाकडे पाहून कळत नाही. विहिरीच्या पाण्यातली रेती त्याच्या बुडाच्या खाचेत बसते, पाणी अडवणारी पाचर पूर्ण खाली जात नाही, मग माणूस पान्याने जोर लावतो आणि स्पिंडल, म्हणजे चाकाची दांडी, तुटतो.

बॉल वॉल्व्हमध्येही दोन गोष्टी बघून घ्या. पहिली, फुल बोअर. वॉल्व्ह उघडून आरपार पाहा. आतलं भोक पाईपच्या आतल्या मापाइतकंच दिसलं पाहिजे. स्वस्तातल्या १ इंची वॉल्व्हचं भोक कित्येकदा पाऊण इंचाचंच असतं. दुसरी, आतला गोळा. छोटं लोहचुंबक घेऊन दुकानात जा आणि उघड्या तोंडातून गोळ्याला लावा. चिकटलं तर गोळा लोखंडाचा आहे, वरून नुसता मुलामा. तो गंजतो, खडबडीत होतो आणि टेफ्लॉनच्या सीटला, म्हणजे गोळा ज्यावर बसतो त्या कडीला, कापत जातो. वॉल्व्ह बंद करूनही थेंब गळतो तो बहुधा याच कारणाने.

बॉल वॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून पाणी कमी-जास्त करू नका, सीटची कड झिजते. लांब लाईनवर तो झटकन बंदही करू नका. वाहतं पाणी एकदम अडलं की उलटा दणका बसतो आणि मागचे जोड उखडतात. पाच-सात सेकंद घेऊन बंद करा.

पितळ, गनमेटल की प्लास्टिक

याचं उत्तर तुमच्या पाण्यावर आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पाण्यात क्षार जास्त असले की जस्त हळूहळू विरघळून जातं आणि मागे तांब्याचा ठिसूळ सांगाडा राहतो. वॉल्व्ह बाहेरून धड दिसतो, पण पाना लावला की बिस्किटासारखा तुटतो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याचा तो भाग, इथे बोअरच्या पाण्यावर साध्या पितळाचा वॉल्व्ह बुडाशी बसवूच नये. जुना वॉल्व्ह तपासायचा असेल तर कानशीने किंवा चाकूने एक कोपरा खरवडा. आत पिवळं धमक निघालं तर ठीक. गुलाबी, तांबूस डाग निघाले तर टाकी रिकामी असतानाच बदलून टाका.

धातूच पाहिजे असेल तर गनमेटल घ्या. त्यात तांब्याबरोबर कथील असतं, जस्त थोडंच असतं, म्हणून ते खाऱ्या पाण्यात पितळापेक्षा पुष्कळ टिकतं. स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ नंबरच्या जातीला खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडतात, ३१६ बरं, पण महाग. गोड्या पाण्याच्या विहिरीवर चांगल्या वजनाचा पितळी वॉल्व्ह चालतो. मात्र त्याला जीआयचं निपल लावू नका. दोन वेगळे धातू पाण्यात एकत्र आले की त्यातला एक धातू आधी खाल्ला जातो, इथे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड). आट्यांमध्ये निपलची भिंत सगळ्यात पातळ असते आणि तुटतं तेही तिथेच.

जीवामृताचा ड्रम, गोमूत्र, युरियाचं द्रावण यासाठी पितळ नकोच. त्यातून निघणाऱ्या अमोनियाने ताणाखाली असलेलं पितळ तडकतं. ठिबक साफ करायच्या आम्लाच्या टाकीलाही तेच लागू. इथे पीपी किंवा यूपीव्हीसीचा बॉल वॉल्व्ह वापरा. जीवामृताच्या ड्रमला दीड इंचापेक्षा लहान घेऊ नका, शेणाचा चोथा अडकून बसतो. तोटी तळापासून चार बोटं वर ठेवा.

प्लास्टिकला गंज नाही, पण उन्हाचं भय आहे. पाईपवर लिहिलेला चार किलो, सहा किलो (दर चौरस सेंटीमीटरला) हा दाब २७ अंशांच्या हिशोबाने असतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, उघड्यावरचा पाईप त्याहून तापतो आणि त्याची ताकद चांगलीच उतरते. टाकीच्या १-२ मीटर पाण्याचा दाब तसा किरकोळ, १ मीटरला ०.१ किलो. पण त्याच लाईनला मोटरही जोडलेली असेल तर सहा किलोच्या खालचं काही वापरू नका. उघड्यावरच्या पीव्हीसीला पांढऱ्या वॉटर-बेस रंगाचे दोन हात द्या. ऑइलपेंट नको, त्यातलं थिनर प्लास्टिकला मऊ करतं.

दुकानातला ‘एक इंची’

सगळ्यात जास्त गळती वॉल्व्हमुळे नाही, न जुळणाऱ्या मापांमुळे होते. काउंटरवर ‘एक इंची’ म्हटलं की तीन वेगळ्या वस्तू मिळू शकतात. शेतीचा पाईप ३२ मिलिमीटर बाहेरच्या मापाचा, घरगुती प्लंबिंगचा पांढरा यूपीव्हीसी ३३.४ चा आणि गरम पाण्याचा पिवळसर सीपीव्हीसी २८.६ चा. शेतीचा पाईप प्लंबिंगच्या सॉकेटमध्ये सहज जातो, थोडा सैल वाटतो, माणूस सोल्युशन जास्त लावून भागवतो. तो जोड दाब धरत नाही. म्हणून एका लाईनचं सगळं सामान एकाच जातीचं घ्या आणि मिलिमीटरमध्ये मागा: २५ म्हणजे पाऊण इंच, ३२ म्हणजे एक, ४० म्हणजे सव्वा, ५० म्हणजे दीड, ६३ म्हणजे दोन, ७५ म्हणजे अडीच.

आट्यांचं तसंच आहे. आपल्याकडे बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे आटे चालतात: अर्ध्या आणि पाऊण इंचाला एका इंचात १४, एक ते दोन इंचांना ११. टाकी निपलचे आटे सरळ असतात, कारण त्यावर चेकनट शेवटपर्यंत फिरला पाहिजे. पाईपच्या टोकाचे आटे बहुधा निमुळते असतात. दुकानातच वॉल्व्ह निपलवर हाताने फिरवून बघा. तीन-चार फेरे हाताने सहज जावेत आणि पुढचे दोन पान्याने घट्ट व्हावेत. दोन फेऱ्यांतच अडला किंवा शेवटपर्यंत हाताने सैल फिरत राहिला, तर तो जोड घेऊ नका. टेफ्लॉन टेपचे वीस वेढे देऊन आटे जुळत नसतात.

एक नियम पक्का ठेवा: प्लास्टिकचे बाहेरचे आटे धातूच्या आत चालतात, धातूचे बाहेरचे आटे साध्या प्लास्टिकच्या आत नाही. निमुळता धातू पाचरीसारखा आत शिरतो, प्लास्टिकची कड ताणलेली राहते आणि उन्हाळ्यात कधीतरी उभी चीर जाते. तसं करावंच लागलं तर आत पितळी आटे बसवलेला एफटीए (आतून आटे असलेला अडॅप्टर) घ्या. तोही खाऱ्या पाण्यात नको.

प्लास्टिकच्या टाकीला भोक पाडताना

टाकीवर कंपनीने सपाट गोल जागा दिलेली असते, भोक तिथेच पाडा. पन्हाळीवर किंवा गोलाईवर वायसर सपाट बसत नाही. उंची तळापासून ५० ते ७५ मिलिमीटर, म्हणजे गाळ खाली राहील. गाळ काढायला तळाला वेगळी तोटी हवी.

धातूच्या १ इंची निपलच्या आट्यांचं बाहेरचं माप ३३.२ मिलिमीटर असतं, त्याला ३४ किंवा ३५ चा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लागतो. पाऊण इंचाला माप २६.४, दीड इंचाला ४७.८, दोन इंचाला ५९.६. प्लास्टिकच्या टाकी निपलचं अंग याहून जाड असतं, म्हणून तुकडा हातात घेऊन मोजा आणि माप कळल्यावरच होल सॉ घ्या. भोक मापापेक्षा एक-दोन मिलिमीटरच मोठं असावं. तापलेल्या सळईने भोक पाडू नका. कड जाड, वाकडी होते आणि वायसर तिच्यावर टेकत नाही. ड्रिल हळू फिरवा, नंतर चाकूने कड साफ करा आणि वायसर बसेल तेवढी जागा बोटाने चाचपून पाहा.

निपलची टोपी आतून, म्हणजे पाण्याच्या बाजूला. रबरी वायसर टोपी आणि भिंत यांच्या मध्ये. पाण्याचा दाबच त्याला भिंतीवर दाबून धरतो. बाहेर चेकनटाखाली रबर लावायचं असेल तर नट आणि रबर यांच्या मध्ये प्लास्टिकची चकती घाला, नाही तर नट फिरताना रबर पिळून बाहेर येतं. वायसर ईपीडीएम रबराचं मागा, साधं काळं रबर दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होतं. भिंतीतून जाणाऱ्या आट्यांना टेफ्लॉन लावून काही साधत नाही, तिथे अडवतं ते वायसर. टेफ्लॉन फक्त वॉल्व्हच्या आट्यांना: प्लास्टिकला पाच-सहा वेढे, धातूला आठ-दहा, आटे फिरतात त्याच दिशेने. सिलिकॉन तर टाकीच्या प्लास्टिकला धरतच नाही.

नट हाताने घट्ट करा आणि मग पान्याने पाव ते अर्धी फेरी. रबर किंचित फुगलेलं दिसलं की थांबा. वॉल्व्ह फिरवताना आत एकाने टोपी धरून ठेवावी, नाही तर निपल भिंतीत फिरतं.

सोल्युशनचा जोड उन्हाळ्यात सकाळीच करा. दुपारी तापलेल्या पाईपवर सोल्युशन जोड बसायच्या आतच वाळतं. पाईपला पूर्ण हात, सॉकेटला पातळ, पाव फेरी देऊन आत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा. बॉल वॉल्व्हला चिकटवताना वॉल्व्ह उघडा ठेवा. जास्तीचं सोल्युशन आत ओघळलं तर गोळा कायमचा चिकटतो. २४ तास पाणी सोडू नका.

सिमेंटचं टाकं

इथे जोड बांधकामाबरोबरच भिंतीत गाडायचा. नंतर छन्नी-हातोड्याने भोक पाडलं की भोवती बारीक चिरा जातात आणि पाणी निपलच्या बाजूने झिरपत राहतं. ९ इंची भिंतीला साधारण दीड फुटाचा पाईप घ्या: आत चार बोटं, बाहेर अर्धा फूट. पाईपच्या मधोमध, भिंतीच्या पोटात येईल अशी, चारही बाजूंनी दोन-अडीच इंच बाहेर येणारी लोखंडी चकती वेल्डिंग करून घ्या. ही पडल फ्लँज. तिच्यामुळे पाण्याची वाट अडते आणि पाईप ओढला तरी फिरत नाही.

पीव्हीसी पाईप गाडायचा असेल तर तो गुळगुळीत आहे, सिमेंट त्याला धरत नाही. गाडायच्या भागाला सोल्युशन लावून त्यावर कोरडी जाड रेती भुरभुरा, वाळू द्या, पुन्हा एकदा तसंच करा. भिंतीबाहेर वॉल्व्हसाठी आट्यांचं टोक ठेवा, म्हणजे वॉल्व्ह बदलताना पाईप कापावा लागणार नाही. जुन्या टाक्याला भोक पाडणं भागच असेल तर कोअर कटिंग (मशीनने गोल भोक कापणं) करून घ्या आणि भोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. सात दिवस ओलं ठेवून मगच पाणी भरा, तेही पहिल्या दिवशी अर्धंच.

शेततळ्याच्या कागदाला भोक पाडू नका

आमचं मत स्पष्ट आहे: अस्तर घातलेल्या शेततळ्यातून पाणी काढायला बांधातून पाईप टाकू नये. कागद ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर. त्याखालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाईप जागेवर, माती हलती, मग कागद पाईपच्या कडेलाच फाटतो. त्याहून वाईट म्हणजे झिरपणारं पाणी पाईपच्या बाहेरच्या अंगाने वाट काढतं, माती वाहून नेतं आणि एक दिवस बांधच बसतो. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात उताराचा हिशोब धरून २० लाख लिटरच्या वर पाणी असतं. खालच्या बाजूला घर किंवा गोठा असेल तर हा धोका घेऊच नका.

वावर तळ्याच्या तळापेक्षा खाली असेल तर बांधावरून सायफन घ्या. ६३ किंवा ७५ मिलिमीटरचा, सहा किलोचा पाईप. आतल्या टोकाला जाळीचा फूट वॉल्व्ह, तळापासून फूटभर वर. बांधाच्या माथ्यावर टी आणि घट्ट टोपी. खालच्या टोकाला बॉल वॉल्व्ह. तो बंद ठेवून माथ्यावरून पाईप पूर्ण भरा, टोपी लावा आणि मग खालचा उघडा. पाईपमध्ये पाण्याचा ताण आत ओढणारा असतो, म्हणून पातळ पाईप चेपतो आणि माथ्यावरच्या जोडातून हवा शिरली की धार तुटते. सायफन मध्येच बंद पडत असेल तर आधी माथ्याची टोपी आणि टी तपासा. वावर वर असेल तर मोटर लावा.

आधार द्या

समुद्रात चालणाऱ्या शिडाच्या बोटींच्या बुडाला अशीच भोकं आणि असेच वॉल्व्ह असतात. अमेरिकेतल्या बोटींच्या एबीवायसी मानकात अशा वॉल्व्हने आतल्या टोकावर सुमारे २२७ किलोचा भार ३० सेकंद सोसला पाहिजे, अशी अट आहे. कारण अडखळलेला माणूस त्याच्यावरच पडतो. आपल्याकडे वॉल्व्हवर पोरं उभी राहतात, वानरं पाईपला लोंबकळतात, रानडुक्कर खालची माती उकरतं. म्हणून वॉल्व्हच्या खाली विटांचा छोटा खांब बांधा आणि पाईप त्यावर क्लँपने धरा. भोवती दीड बाय दीड फुटाची चेंबर आणि झाकण. झाकण उचलल्यावर हात घालण्याआधी काडी फिरवून बघा, विंचू-साप अशाच थंड जागेत बसतात.

प्लास्टिकची टाकी भरली की थोडी फुगते, रिकामी झाली की आकसते. कडक पाईप थेट जोडला तर हा ताण निपलवर येतो. त्यासाठीच लवचीक तुकडा: फूट-दीड फूट जाळीदार होज, दोन्ही टोकांना दोन-दोन स्टीलचे क्लँप. बांधायच्या तारेने आवळू नका, तार होजला कापते.

वॉल्व्हजवळ सावर किंवा पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाची निमुळती खुंटी सुतळीने बांधून ठेवा, भोकाच्या मापाची. वॉल्व्ह तुटला तर ती टाकीच्या आतून भोकात बसवायची. पाण्याचा दाबच तिला धरून ठेवतो. १ मीटर पाण्याखाली १ इंची भोकावर जोर फक्त अर्ध्या किलोचा असतो, म्हणजे एका हाताने काम होतं.

महिन्यातून एकदा पहिला वॉल्व्ह पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. पाण्यातला क्षार गोळ्याभोवती साचतो आणि वर्षभर न हललेला वॉल्व्ह नेमका गरजेला अडतो. नवीन जोड बसवल्यावर टाकी पूर्ण भरून जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर. ओल निघाली तर नट पाव फेरी आवळा. तरीही थांबली नाही तर आणखी आवळत बसू नका. पाणी खाली करा, निपल काढा आणि वायसरची बैठक तपासा.